श्वासपटलाचे अस्वाभाविक उंचावणे : चिन्ह, निदान आणि उपचार

घटक ५

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हांला,
● श्वासपटलाची रचना आणि श्वसनातील व बोलण्यातील त्याचे कार्य सांगता येईल.
● श्वासपटल उंचावण्याच्या कारणांचे वर्गीकरण करता येईल.
● निदानाच्या पायऱ्या आणि प्रत्येक तपासणीचा हेतू स्पष्ट करता येईल.
● उपचाराची निवड कोणत्या तत्त्वावर होते, हे विशद करता येईल.
● वैद्यकीय अहवालातील एखादे विधान संदर्भासह कसे वाचावे, हे सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ध्वनिनिर्मितीच्या यंत्रणेचा परिचय करून घेतला. मराठीतील सर्व स्वर आणि व्यंजने फुप्फुसांतून बाहेर पडणाऱ्या हवेवर उच्चारली जातात, हे आपण पाहिले. हळहळ व्यक्त करताना आपण जिभेने 'च्च् च्च्' असा आवाज काढतो. त्याला फुप्फुसांतील हवा लागत नाही, पण तो आपल्या वर्णमालेत बसत नाही. आपल्या व्याकरणकारांनी व्यंजनांचे अल्पप्राण आणि महाप्राण असे भेद केले, त्यांतील 'प्राण' म्हणजे हाच श्वास होय. हा श्वास आत घेणारा प्रमुख स्नायू म्हणजे श्वासपटल. मुख, नासिका आणि कंठ यांविषयी भाषाभ्यासक पुष्कळ बोलतात, श्वासपटलाविषयी मात्र क्वचितच.

प्रस्तुत घटकात या स्नायूच्या एका विकृतीचे विवेचन केले आहे. काही माणसांत श्वासपटलाची एक बाजू, क्वचित दोन्ही बाजू, नेहमीपेक्षा वर सरकलेल्या असतात. बहुधा ही गोष्ट छातीच्या एक्स-रेवर प्रथम दिसते आणि अहवालात एका ओळीत नोंदवली जाते. ती ओळ वाचून काही कुटुंबे भयभीत होतात, तर काही कुटुंबे अहवालाची घडी घालून कपाटात ठेवतात. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या ठरू शकतात. उंचावलेले श्वासपटल हा स्वतः रोग नाही, ते एक चिन्ह आहे. भाषेतील चिन्हाप्रमाणे त्याचाही अर्थ संदर्भावाचून लागत नाही. या घटकाचे हेच मुख्य प्रतिपादन आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ श्वासपटल : रचना, कार्य आणि नाव

श्वासपटल हा छाती आणि पोट यांना वेगळे करणारा पातळ, रुंद स्नायू होय. त्यालाच मध्यपटल असेही म्हणतात. त्याचा आकार पालथ्या घातलेल्या वाडग्यासारखा असतो. कडांनी तो उरोस्थीचे खालचे टोक, खालच्या सहा बरगड्या आणि कमरेचे वरचे मणके यांना जोडलेला असतो. त्याचा मधला भाग मात्र स्नायूचा नसून चिवट कंडरेचा असतो. त्याला उजवा व डावा असे दोन घुमट असतात. उजव्या घुमटाखाली यकृत असते. डाव्या घुमटाखाली जठर व प्लीहा असतात, आणि वरच्या बाजूला हृदय टेकलेले असते. बहुतेक निरोगी माणसांत उजवा घुमट डाव्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर असतो. म्हणजेच घुमटांची थोडी असमानता हीच स्वाभाविक स्थिती होय.

स्नायू आकुंचन पावला की घुमट खाली उतरतात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. स्नायू सैल पडला की घुमट वर जातात आणि हवा बाहेर पडते. शांत श्वसनात हे सरकणे साधारण एक-दोन सेंटिमीटरच असते, दीर्घ श्वास घेताना ते कित्येक पटींनी वाढते. श्वास आत घेण्याचे बहुतांश काम श्वासपटल करते. उरलेले काम बरगड्यांमधले आणि मानेतले स्नायू करतात.

या स्नायूला आज्ञा देणारी चेता मात्र दुरून येते. तिला फ्रेनिक चेता म्हणतात. उजव्या व डाव्या बाजूला एकेक अशा या दोन चेता मानेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतामुळांपासून निघतात आणि दोन फुप्फुसांमधल्या जागेतून, हृदयाच्या आवरणाला लागून खाली येतात. छाती-पोटाच्या सीमेवरील स्नायूची चेता मानेतून का यावी? गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत श्वासपटलाचा मूळ भाग मानेच्या पातळीवर तयार होतो आणि नंतर खाली सरकतो. खाली सरकताना तो आपली चेता सोबत घेऊन येतो. या वस्तुस्थितीचे दोन परिणाम पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरतील. एक, मानेपासून हृदयापर्यंत कोठेही या चेतेला इजा झाली, तर श्वासपटल दुबळे होते. दोन, श्वासपटलाला दाह झाला, तर दुखणे खांद्यावर जाणवू शकते, कारण खांद्याच्या त्वचेची संवेदनाही मानेतील त्याच चेतामुळांकडे जाते.

आता नावाकडे वळू. 'डायफ्राम' हा शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी 'कुंपण' या अर्थाचा शब्द आहे. 'फ्रेनिक' या शब्दाचे मूळ 'फ्रेन' या ग्रीक शब्दात आहे. प्राचीन ग्रीक भाषेत तो छाती-पोटाच्या सीमेवरील या भागासाठी आणि मनासाठीही वापरला जाई, कारण भावना व विचार यांचे स्थान तेथेच मानले जात असे. 'स्किझोफ्रेनिया' या मनोविकाराच्या नावात तोच शब्द आहे. मराठीलाही ही कल्पना परकी नाही. भीतीने आपल्या 'छातीत धस्स होते', काळजीने 'पोटात गोळा येतो' आणि वाईट बातमीने 'पोटात खड्डा पडतो'. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मन तेथे नसते, पण भाषांनी भावनेचा पत्ता तेथलाच दिला आहे.

५.२.२ बोलणे आणि श्वासपटल

शांत श्वसनात श्वास घेण्यास आणि सोडण्यास लागणाऱ्या वेळांत फार तफावत नसते. बोलताना हे प्रमाण पार बदलते. आपण चटकन श्वास आत घेतो आणि तो दीर्घकाळ, बेताबेताने सोडतो. एका श्वासावर जेवढे बोलले जाते, त्याला श्वासगट म्हणतात. वाक्यातील विराम बहुधा श्वासगटांच्या सीमेवर पडतात.

आर. एच. स्टेटसन यांनी १९२८ मध्ये 'मोटर फोनेटिक्स' या ग्रंथात प्रत्येक अक्षराला छातीच्या स्नायूंचा एक स्वतंत्र ठोका असतो, असे मत मांडले. पुढे १९५०च्या दशकात एडिंबरो येथे पीटर लॅडेफोगेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलताना श्वसनाच्या स्नायूंतील विद्युत्क्रिया प्रत्यक्ष मोजली, तेव्हा प्रत्येक अक्षरामागे असा ठोका आढळला नाही. बोलणे सुरू झाल्यावर श्वासपटल लवकरच आपले काम थांबवते आणि हवा हळूहळू सुटावी म्हणून बरगड्यांमधले स्नायू काही काळ लगामाचे काम करतात, असे त्यांना दिसले. थोडक्यात, श्वासपटल बोलण्याचे भांडवल गोळा करते, त्याचा खर्च इतर स्नायू सांभाळतात.

यावरून श्वासपटलाच्या दुबळेपणाचा वाणीवर काय परिणाम होईल, याचा अंदाज बांधता येतो. एकच बाजू निकामी असेल, तर नेहमीच्या संभाषणात बहुधा काहीच जाणवत नाही. दोन्ही बाजू दुबळ्या असतील, तर आत घेतलेली हवा अपुरी पडते, श्वासगट आखूड होतात, आवाज क्षीण होतो आणि वाक्याच्या मध्येच, जेथे विराम अपेक्षित नाही तेथे, श्वास घ्यावा लागतो.

५.२.३ उंचावण्याची कारणे

एखादा घुमट वर दिसण्याची कारणे अनेक आहेत. ती लक्षात ठेवण्यासाठी पुढील पाच गट सोयीचे ठरतील.

(अ) चेतेची इजा : फ्रेनिक चेता निकामी झाली, तर त्या बाजूचा स्नायू सैल पडतो आणि घुमट वर सरकतो. हृदयावरील शस्त्रक्रिया, मानेला झालेली दुखापत, मानेच्या मणक्यांचे विकार, नागीण, फुप्फुसाचा किंवा दोन फुप्फुसांमधल्या जागेतील कर्करोग ही त्याची काही कारणे होत. अवघड बाळंतपणात मान ताणली गेल्यास नवजात बालकातही अशी इजा होऊ शकते. कित्येक रुग्णांत मात्र कसून शोध घेऊनही कारण सापडत नाही.

(आ) स्नायूची जन्मजात विरलता : काही व्यक्तींत श्वासपटलाचा काही भाग किंवा एक संपूर्ण घुमट जन्मतःच पातळ राहतो. या स्थितीला 'इव्हेंट्रेशन' म्हणतात. या संज्ञेच्या मुळाशी 'पोट' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पडदा फाटलेला नसतो, तो केवळ विरलेल्या कापडासारखा वर फुगलेला असतो.

(इ) वरून ओढ : फुप्फुसाचा भाग आक्रसला किंवा शस्त्रक्रियेने काढून टाकला, तर रिकाम्या झालेल्या जागेकडे घुमट ओढला जातो.

(ई) खालून दाब : यकृतातील पूचे गळू, श्वासपटलाखाली साचलेला पू, वाढलेली प्लीहा, वायूने फुगलेले जठर किंवा मोठे आतडे यांमुळे घुमट वर ढकलला जातो. जलोदर, गर्भारपण आणि स्थूलता यांत दोन्ही घुमट वर जातात.

(उ) आभास : फुप्फुसाच्या तळाशी साचलेले पाणी एक्स-रेवर उंचावलेल्या श्वासपटलासारखे दिसू शकते. अपघातात श्वासपटल फाटून पोटातील अवयव छातीत शिरले, तरीही वरवर तसेच चित्र दिसते. एक्स-रे काढताना रुग्णाने पुरेसा श्वास आत घेतला नसेल, तर दोन्ही घुमट वर दिसतात.

वरील गटांपैकी पहिल्या दोहोंत दोष श्वासपटलात किंवा त्याच्या चेतेत असतो. पुढील दोहोंत श्वासपटल निरोगी असून शेजाऱ्यामुळे जागा सोडते. शेवटच्या गटात तर ते बहुधा उंचावलेलेच नसते. चित्र एकच, पण त्यामागील घटना पाच प्रकारच्या असू शकतात.

येथे एक ऐतिहासिक नोंद उपयुक्त ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगावर परिणामकारक औषध नव्हते. रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून शल्यविशारद मानेत छेद घेऊन फ्रेनिक चेता मुद्दाम चिरडत, त्यामुळे त्या बाजूचे श्वासपटल काही महिने वर राहत असे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे औषधोपचार प्रस्थापित झाल्यावर ही पद्धत मागे पडली. आज ज्या स्थितीला आपण विकृती म्हणतो, ती एकेकाळी उपचार म्हणून घडवून आणली जात होती. चिन्हाचा अर्थ काळाच्या संदर्भानेही बदलतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. निरोगी माणसात साधारणपणे कोणता घुमट अधिक वर असतो?
२. श्वासपटलाच्या दाहाचे दुखणे खांद्यावर का जाणवू शकते?
३. 'वरून ओढ' आणि 'खालून दाब' यांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.

५.२.४ निदान

(अ) रुग्णाचे कथन

निदानाची पहिली पायरी भाषिक आहे. रुग्ण बहुधा 'दम लागतो' किंवा 'धाप लागते' असे म्हणतो. 'दम' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच श्वास असा आहे. 'एका दमात' आणि 'दम खा' या प्रयोगांत तो अर्थ टिकून आहे. परंतु 'दम लागतो' हे विधान रक्तक्षय, हृदयविकार, दमा आणि स्थूलता या सर्वांत केले जाते. या वाक्यातील क्रियापद निदानाला फारशी मदत करत नाही. मदत होते ती 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या शब्दांची. 'जिना चढताना दम लागतो' हे सर्वसाधारण विधान झाले. 'पाठीवर आडवे झाले की दम लागतो', 'वाकून फरशी पुसताना दम लागतो', 'छातीपर्यंत पाण्यात उतरलो की दम लागतो' ही विधाने मात्र श्वासपटलाकडे बोट दाखवतात. या तिन्ही स्थितींत पोटातील अवयवांचा किंवा पाण्याचा दाब श्वासपटलावर वरच्या दिशेने येतो आणि दुबळा स्नायू त्याला तोंड देऊ शकत नाही. आडवे झाल्यावरची धाप हृदयविकारातही असते, म्हणून केवळ या वाक्यावर निदान होत नाही. पण कोणत्या दिशेने शोध घ्यावा, हे त्यावरून कळते.

झोपेचीही चौकशी केली जाते. गाढ, स्वप्नयुक्त झोपेत श्वसनाला साहाय्य करणारे इतर स्नायू शिथिल होतात आणि सारा भार श्वासपटलावर पडतो. दोन्ही बाजू दुबळ्या असतील, तर झोपमोड, सकाळी डोके दुखणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे दिसतात. उलटपक्षी, एकच बाजू उंचावलेल्या अनेक व्यक्तींना कसलाही त्रास नसतो.

(आ) प्रत्यक्ष तपासणी

श्वास घेताना निरोगी माणसाचे पोट किंचित पुढे येते. दोन्ही बाजूंचे श्वासपटल निकामी असेल, तर पाठीवर झोपवलेल्या रुग्णाचे पोट श्वास घेताना उलट आत ओढले जाते. या तपासणीला यंत्र लागत नाही, जाणती नजर लागते.

(इ) एक्स-रे आणि जुना एक्स-रे

पूर्ण श्वास आत घेऊन काढलेल्या एक्स-रेवर घुमटांची उंची पाहिली जाते. उजवा घुमट डाव्यापेक्षा बराच, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक, वर असेल किंवा डावा घुमट उजव्याच्या स्पष्टपणे वर असेल, तर अधिक विचार केला जातो. येथे जुन्या एक्स-रेचे महत्त्व मोठे आहे. घुमट दहा वर्षांपूर्वीही तेवढाच वर असेल, तर घाईचे कारण बहुधा नसते. गेल्या वर्षी तो जागेवर होता आणि आता वर गेला असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. म्हणून घरातील जुन्या एक्स-रे फिल्म रद्दीत टाकू नका. त्यांचे मोल त्यांच्या वयामुळेच असते.

(ई) हालचालीची तपासणी

एक्स-रे स्थिती दाखवतो, हालचाल दाखवत नाही. त्यासाठी फ्लुओरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर सलग दिसणारे क्ष-किरणचित्र, वापरतात. रुग्णाला तोंड मिटून, फूल हुंगावे तसा, नाकाने झटकन श्वास ओढण्यास सांगतात. निरोगी घुमट झपकन खाली येतो. चेता निकामी झालेला घुमट उलट वर जातो, कारण छातीतील कमी झालेला दाब त्या सैल पडद्याला वर खेचतो. या विरुद्ध हालचालीला विपरीत गती म्हणतात. ही कसोटी उपयुक्त असली, तरी निर्दोष नाही. काही निरोगी व्यक्तींतही थोडी विपरीत गती दिसते, आणि दोन्ही बाजू निकामी असतील तर तुलनेसाठी चांगली बाजूच उरत नाही.

सोनोग्राफीनेही श्वासपटलाची हालचाल पाहता येते. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि ती रुग्णाच्या खाटेपाशी करता येते. श्वास घेताना निरोगी श्वासपटल जाड होते. ही जाडी २० टक्क्यांहून कमी वाढत असेल, तर स्नायू निकामी झाल्याचा संशय बळावतो. यकृतातील गळू किंवा फुप्फुसाखालील पाणीही याच तपासणीत दिसते.

(उ) श्वसनक्षमता आणि मूळ कारणाचा शोध

दीर्घ श्वास घेऊन रुग्ण किती हवा सोडतो, हे बसून आणि आडवे होऊन असे दोनदा मोजतात. आडवे झाल्यावर निरोगी माणसात ही क्षमता साधारण १० टक्क्यांच्या आतच घटते. दोन्ही बाजू दुबळ्या असतील, तर घट ३० टक्क्यांहून अधिक असू शकते. चेतेची इजा दिसून आली आणि तिचे कारण स्पष्ट नसले, तर चेतेच्या संपूर्ण मार्गाची, म्हणजे मानेपासून श्वासपटलापर्यंतची, सीटी स्कॅनने तपासणी केली जाते. मानेतून निघणारी चेता असताना केवळ छातीचा तळ तपासून भागत नाही.

५.२.५ एक विधान, तीन अर्थ

आता तीन कल्पित रुग्णांची उदाहरणे घेऊ. तिघांच्याही अहवालात बाजूचा फरक सोडला, तर विधान एकच आहे : 'श्वासपटलाचा घुमट उंचावलेला आहे.'

पहिला रुग्ण चाळिशीतला आहे. त्याला दहा दिवस ताप आहे, उजव्या बरगड्यांखाली आणि उजव्या खांद्यात दुखते आहे. उजवा घुमट वर आहे. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसते. अमीबाच्या संसर्गाने होणारे असे गळू आपल्याकडे अपरिचित नाही. येथे श्वासपटल दुबळे नाही, ते खालून रेटले गेले आहे. औषधाने आणि गरज पडल्यास पू काढून टाकल्यावर ते पुन्हा जागेवर येऊ शकते. खांद्याचे दुखणे वेगळे समजून केवळ मलम चोळत राहिले, तर मात्र गळू फुटण्याचा धोका असतो.

दुसरा रुग्ण साठीचा आहे आणि त्याने अनेक वर्षे विड्या ओढल्या आहेत. दोन महिन्यांपासून त्याचा आवाज घोगरा झाला आहे आणि डावा घुमट वर आहे. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. स्वरतंतू हलवणारी डाव्या बाजूची चेता थेट स्वरयंत्राकडे जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि मग वर येते. डावी फ्रेनिक चेताही तिच्याजवळूनच जाते. आवाज आणि श्वासपटल एकदम बिघडले, तर दोन्ही चेता जेथे जवळ येतात तेथे, म्हणजे दोन फुप्फुसांमधल्या जागेत, एखादी गाठ असण्याची शक्यता तातडीने तपासावी लागते. येथे प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

तिसरी व्यक्ती पासष्ट वर्षांची गृहिणी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासणीत तिचा उजवा घुमट थोडा वर आढळला. तिला काहीच त्रास नाही आणि बारा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेतही घुमट तसाच आहे. तो पुरेसा हलतोही. येथे स्नायूची जन्मजात विरलता संभवते. तिला उपचाराची नव्हे, दिलाशाची गरज आहे.

'कर' हा शब्द एकटा लिहिला, तर तो हात आहे, सरकारी वसुली आहे की आज्ञार्थी क्रियापद आहे, हे सांगता येत नाही. वाक्य पुढे आल्यावरच ते कळते. अहवालातील विधानाचे वाक्य रुग्णाच्या कथनाने आणि पुढील तपासण्यांनी पूर्ण होते.

५.२.६ उपचार

उपचाराचे पहिले तत्त्व असे की, एक्स-रेवर उपचार करावयाचा नसतो, रुग्णावर करावयाचा असतो. त्रास नसेल आणि गंभीर कारण नसल्याची खात्री झाली असेल, तर काही न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच असतो.

दुसरे तत्त्व मूळ कारणाचे. गळू, जलोदर, कर्करोग, आक्रसलेले फुप्फुस यांवर त्या त्या रोगाचे उपचार होतात. अपघातात श्वासपटल फाटले असेल, तर ते शस्त्रक्रियेने शिवावे लागते.

तिसरे तत्त्व धीराचे. चिरडलेली किंवा दाह झालेली चेता हळूहळू पूर्ववत होऊ शकते. त्याला कित्येक महिने, कधी एक-दोन वर्षेही लागतात. या काळात वजन कमी करणे, धूम्रपान सोडणे, डोक्याकडची बाजू उंच करून झोपणे आणि श्वास घेणाऱ्या स्नायूंचे व्यायाम यांचा उपयोग होतो. दोन्ही बाजू दुबळ्या असतील, तर रात्री मुखवट्यातून हवा पुरवणारे यंत्र लावतात. त्यामुळे झोप सुधारते आणि शरीरात कर्बवायू साठत नाही.

एवढे करूनही धाप कायम राहिली आणि चेता सुधारण्याची आशा उरली नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. प्रौढांत त्यापूर्वी साधारण सहा महिने ते एक वर्ष वाट पाहतात. यंत्राशिवाय श्वास घेऊ न शकणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. या शस्त्रक्रियेला 'प्लायकेशन' म्हणतात. शिंपी जसा सैल कपड्याला चुण्या घालून तो आवळतो, तसे सैल पडलेल्या श्वासपटलाला चुण्या घालून टाक्यांनी ताणून बसवले जाते. ती छाती उघडून किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदांतून करता येते. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. या शस्त्रक्रियेने निकामी स्नायू पुन्हा हलू लागत नाही. तो खालच्या पातळीवर स्थिर होतो, त्याची विपरीत गती थांबते आणि वरच्या फुप्फुसाला फुलण्यास जागा मिळते. त्यामुळे योग्य निवड केलेल्या रुग्णांची धाप कमी होते. अतिस्थूल व्यक्ती आणि स्नायूंचे सर्वांगीण विकार असलेले रुग्ण यांना तिचा लाभ कमी आणि धोका अधिक असतो.

मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांत फ्रेनिक चेता स्वतः शाबूत असते, फक्त मेंदूची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी चेतेला उद्दीपित करणारे उपकरण बसवता येते. चेताच मृत असेल, तर या उपकरणाचा उपयोग नसतो. म्हणजे येथेही उपचार ठरतो तो दोष नेमका कोठे आहे यावर.

हा घटक विषयाच्या आकलनासाठी आहे. स्वतःच्या किंवा आप्तांच्या अहवालाचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. मात्र त्यांच्याकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात : जुने एक्स-रे, आधी झालेल्या शस्त्रक्रिया व अपघात यांची नोंद, आणि 'दम केव्हा लागतो' या प्रश्नाचे नेमके उत्तर. अचानक वाढलेली धाप, ताप, घोगरा झालेला आवाज, घटणारे वजन किंवा छाती-पोटाला नुकताच झालेला मार यांपैकी काही असेल, तर दिरंगाई करू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१. विपरीत गती म्हणजे काय?
२. जुन्या एक्स-रेचा निदानात कोणता उपयोग होतो?
३. प्लायकेशनने काय साधते आणि काय साधत नाही?

५.३ सारांश

श्वासपटल हा श्वास आत घेणारा प्रमुख स्नायू असून वाणीला लागणारी हवा तोच मिळवून देतो. त्याचा घुमट उंचावण्यामागे चेतेची इजा, स्नायूची विरलता, वरून ओढ, खालून दाब किंवा केवळ आभास असू शकतो. निदान रुग्णाच्या कथनापासून सुरू होते. एक्स-रेने स्थिती कळते, फ्लुओरोस्कोपी व सोनोग्राफीने हालचाल कळते आणि श्वसनक्षमतेच्या मापनाने परिणाम कळतो. उपचार कारणावर आणि त्रासावर अवलंबून असतात. कित्येकांना उपचार लागत नाहीत, काहींना ते तातडीने लागतात. हा भेद एका ओळीच्या विधानातून कळत नाही, संदर्भातून कळतो.

५.४ पारिभाषिक शब्द

श्वासपटल : छाती व पोट यांमधील घुमटाकार स्नायू, मध्यपटल.
फ्रेनिक चेता : मानेतून निघून श्वासपटलाला आज्ञा पोहोचवणारी चेता.
श्वासगट : एका श्वासावर उच्चारला जाणारा भाषिक अंश.
विपरीत गती : श्वास घेताना घुमट खाली येण्याऐवजी वर जाणे.
इव्हेंट्रेशन : जन्मजात विरल श्वासपटलाचे, ते न फाटता, वर फुगणे.
प्लायकेशन : सैल श्वासपटलाला चुण्या घालून ते ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. उजवा. २. श्वासपटलाची चेता आणि खांद्याच्या त्वचेची संवेदना यांचा संबंध मानेतील त्याच चेतामुळांशी असल्यामुळे. ३. वरून ओढ – आक्रसलेले फुप्फुस. खालून दाब – यकृतातील गळू.

प्रश्न – २ : १. श्वास आत घेताना घुमट खाली येण्याऐवजी वर जाणे. २. घुमटाची स्थिती जुनी आहे की नव्याने उद्भवली, हे ठरवता येते. ३. श्वासपटल खालच्या पातळीवर स्थिर होते व फुप्फुसाला जागा मिळते. निकामी स्नायूची हालचाल मात्र परत येत नाही.

५.६ स्वाध्याय

१. 'उंचावलेले श्वासपटल हे चिन्ह आहे, रोग नव्हे.' हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. श्वासपटल आणि श्वासगट यांचा संबंध विशद करा.
३. मोठ्याने वाचन करताना तुमचे विराम कोठे पडतात, ते एका परिच्छेदात खुणा करून नोंदवा. तोच परिच्छेद पाठीवर आडवे होऊन वाचा आणि फरक आढळल्यास लिहा.
४. तुमच्या परिसरात श्वासाच्या त्रासासाठी वापरले जाणारे किमान आठ शब्द व वाक्प्रचार गोळा करा आणि त्यांतील अर्थच्छटा स्पष्ट करा.